पॉइझन नागेशी, एसी-डीसी हरदेशी

आमच्या राजाक्काबद्दल मी चांगलंच बोलणार आहे, हे आधी सांगून ठेवते. भावजय नणंदेबद्दल बोलायला बसली की लोक कान टवकारतात. तुमचे टवकारले असतील तर खाली करा.

राजाक्का म्हणजे राजेश्वरी, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. साठीला टेकली आहे. सोलापुरात आमच्याच मागच्या बोळात तिचा कडक भाकरीचा धंदा आहे. हाताखाली चार बायका आहेत, आणि पिठाच्या पिंपावर ठेवलेल्या स्पीकरवर दिवसभर इंग्रजी गाणी चालू असतात. साधीसुधी नव्हेत. गिटारी किंचाळतात, ढोल बडवले जातात आणि गाणारा माणूस विंचू चावल्यासारखा ओरडतो. ह्याला हार्ड रॉक म्हणतात, हे मला लग्न झालं त्याच आठवड्यात कळलं. मी नवी सून म्हणून आत पुरण वाटत होते आणि बाहेर माझा नवरा आणि माझी नणंद एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. जमिनीवरून नाही, सोन्यावरून नाही. पॉइझन मोठी की एसी-डीसी मोठी, ह्यावरून. मला एवढंच कळलं की एक विष आहे आणि एक वीज आहे, आणि ह्या घरात कुणीतरी कुणाला तरी मारणार आहे. रात्री नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ती दोन बँडची नावं आहेत, आणि आक्काला त्यातलं काही कळत नाही.

हे घराणं मूळचं अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीचं. घरात कानडी, बाहेर मराठी, भांडण दोन्हीत. माझे सासरे रेवणप्पा. त्यांना अख्खं गाव आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणायची. आप्पा गीगी पदं गायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जत्रेत दोन मेळ समोरासमोर उभे राहतात. एक हरदेशी, तो म्हणणार पुरुष थोर. दुसरा नागेशी, तो म्हणणार बाई थोर. म्होरक्या डफ घेऊन सवाल टाकतो, त्याच्या पाठीमागं झील धरणारे ‘गी गी गी’ करून ओळ उचलून धरतात, मग समोरच्यानं जवाब द्यायचा. ज्याची बोलती बंद झाली तो हरला. आप्पांची त्यात एक स्वतःची खोड होती. घरी तालमीला बसले की उलटी बाजू मांडायला लावायचे. आज तुला पुरुष थोर वाटतोय का, मग बाईच्या बाजूनं बोल. म्हणायचे, आपलीच बाजू ज्याला पाडता येत न्हाई, त्याला ती उभी करता पण येत न्हाई. डफ कुणाला मिळणार, तर ज्याला दोन्ही बाजू मांडता येतील त्याला.

पोरं दोन. राजाक्का आणि तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मल्लिकार्जुन, म्हणजे आमचे हे. तिच्या तोंडी मल्लू. तालीम मल्लूची चालायची आणि राजाक्का चुलीपाशी बसून ऐकायची. विजापूरकडं बायकांचे मेळ होते, आमच्याकडं नव्हते. बाईच्या थोरवीची पदंसुद्धा बाप्येच गायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ऐकून ऐकून राजाक्काला सगळी पदं पाठ झाली आणि ज्याला शिकवायचे त्याच्या डोक्यातून निसटायची. मल्लू पहिल्यांदा जत्रेत डफ घेऊन उभा राहिला तेव्हा मधेच अडकला. घामाघूम. राजाक्का बायकांच्या घोळक्यातून सरकत सरकत त्याच्या मागच्या बैलगाडीआड जाऊन बसली आणि चाकातून ओळी सांगत राहिली. रात्रभर. लोकांनी मल्लूला खांद्यावर घेतलं. आप्पांना कळलं होतं का, कुणास ठाऊक. ही गोष्ट मला आमच्या ह्यांनीच सांगितली, लग्नाला दहाएक वर्षं झाल्यावर, तापात असताना. ताप उतरल्यावर परत कधी विषय काढला नाही.

पुढं आप्पांना सोलापुरात गिरणीत काम लागलं आणि सगळे इकडं आले. दोन खोल्या खाली, एक वर. वरच्या खोलीत डॉक्टरकी शिकणारा एक मुलगा भाड्यानं राहिला, पार शिलाँगचा. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. पण त्याच्याकडं टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेटी होत्या पिशवीभर. तो पास होऊन परत निघाला तेव्हा ते सगळं ह्या दोघा भावंडांना देऊन गेला, कारण तोपर्यंत ही दोघं त्याच्यापेक्षा जास्त त्या गाण्यांच्या नादी लागली होती.

नादी लागायचं कारण आप्पा. एक दिवस तालीम चालू असताना वरून गाण्याचा आवाज आला. आप्पांनी कॅसेटी खाली मागवल्या आणि चष्मा लावून कव्हरं बघितली. एकीवर चार जणी. ओठाला लाली, डोळ्यात काजळ, केस मोकळे सोडलेले, गालावर पावडर. त्यावर लिहिलेलं पॉइझन. आप्पा म्हणाले, ह्या नागेशी. दुसरीवर दाढी वाढलेले, मळकट कपड्यातले बाप्ये, त्यातला एक शाळेच्या चड्डीत. ती एसी-डीसी. आप्पा म्हणाले, हे हरदेशी. जगात कुठंही गेलं तरी मेळ दोनच असणार, ह्याबद्दल आप्पांच्या मनात शंका नव्हती. मग त्यांनी पॉइझन राजाक्काला दिली आणि एसी-डीसी मल्लूला दिली, आणि म्हणाले, बघा कोण कुणाला पाणी पाजतंय.

आता ही पोरं काय करायची बघा. एसी-डीसीचं एक गाणं लावायचं, तो सवाल. मग कॅसेट बदलून पॉइझनचं एक गाणं लावायचं, तो जवाब. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं, पण जवाब सवालाला पुरा पडला की नाही, ह्यावर दोघं तासन्‌तास भांडायची, आणि आप्पा खुर्चीत बसून निवाडा द्यायचे. ही दोन टोळकी एकमेकांना ओळखत पण नसतील, एक ऑस्ट्रेलियाचं आणि एक अमेरिकेचं, हे कुणाच्या गावी नव्हतं. तो शिलाँगचा मुलगा हे सगळं बघायचा आणि हसायचा, पण कधी बोलला नाही. चांगल्या घरचा होता.

भांडं फोडलं ते मी. माझं इंग्रजी दहावीपुरतं, पण नावं वाचता येत होती. सून म्हणून आल्यावर कॅसेटी पुसताना मी कव्हराच्या आतला बारीक मजकूर वाचला आणि राजाक्काला म्हणाले, आक्का, तुमच्या ह्या चार जणी बाप्ये आहेत. पहिल्यांदा तिला पटेना. मग तिनं कव्हर खिडकीत धरून बघितलं, बराच वेळ. मला वाटलं आता रडते. तर म्हणाली, “असू दे की. माझी बाजू गातात न्हवं? लाली लावून गातात म्हणजे आणि जास्त हिंमतीचे.” आमचे हे मात्र त्या दिवसापासून पॉइझनला पावडरचा डबा म्हणायला लागले, आणि पुढची तीस वर्षं म्हणत राहिले.

तीस वर्षं मी चहा केला, दुसरं काय. सणावाराला, रविवारी, कुणी आजारी असलं तर दवाखान्यात. हे म्हणायचे, एसी-डीसीचा गायक मेला, तरी त्याच वर्षी नवा गायक आणून त्यांनी अशी कॅसेट काढली की जगात त्याहून जास्त खपलेल्या कॅसेटी हाताच्या बोटावर मोजाव्या. अजून मैदानं भरवतात. आणि तुझी पॉइझन? नव्वदीत वारं फिरलं आणि पावडर उडून गेली. राजाक्का म्हणायची, तुझी एसी-डीसी पन्नास वर्षं एकच गाणं म्हणतेय, फक्त नाव बदलतेय. हे म्हणायचे, तू पण रोज तीच भाकरी थापतेस की. मग दोघांचा आवाज चढायचा, आणि मी आधण ठेवायची.

तरी राजाक्काची मी एक गोष्ट सांगते. मधे तिचा नवरा बसल्या जागी गेला. पोरगी शाळेत. तेव्हा भाकरीचा धंदा नव्हता, काहीच नव्हतं. दिवस झाल्यावर मी डबा घेऊन गेले तर ती टेप लावून परातीपुढं बसली होती. पॉइझनचं एक संथ, दुःखी गाणं आहे, साध्या गिटारीवरचं, ते लागलं होतं. डोळ्याला धार आणि हात पिठात. मला म्हणाली, शिवलीला, ही भाकरी बघ, ठेक्यात थापली तर पातळ होते. ती पहिली पातळ भाकरी. आज तिच्या भाकरी पुण्याला जातात, हैदराबादला जातात. ह्या धंद्याबद्दल कुणी विचारलं की ती पॉइझनचं नाव घेते, आणि विचारणारा म्हणतो, काय म्हणालात. मला हसू येतं, आणि अभिमानही वाटतो, आता काय लपवायचं.

तर मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. नव्वदी ओलांडून, शेवटपर्यंत ताठ. त्यांचा डफ आमच्या बाहेरच्या खोलीत खुंटीवर राहिला. मल्लूचा म्हणूनच तो तिथं होता, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मैंदर्गीचा मेळ आप्पा थकल्यापासून बंद पडला होता. ह्या वर्षी तिथली तरणी पोरं म्हणाली, जत्रेत परत मेळ उभा करायचा. त्यांच्याकडून आप्पांचे जुने साथीदार संगप्पा सोलापूरला आले. ऐंशीच्या पुढचे, तुणतुणं अजून खांद्याला. चहा घेऊन म्हणाले, मल्लू, मेळाला म्होरक्या लागतो. डफ घेऊन चल.

हे उठून खुंटीकडं निघाले. तेवढ्यात राजाक्का, जी सहज भाकरीचा पुडा द्यायला आली होती, ती दारातून म्हणाली, “डफ माझा हाय.”

हे हसले, त्यांना ती थट्टा वाटली. राजाक्का आत येऊन खाली बसली. म्हणाली, “मल्लू, मला एकदा तरी जत्रेत डफ घेऊन उभं ऱ्हायचंय. गाडीच्या मागं न्हाई, म्होरं. आता न्हाई मिळाला तर कधीच न्हाई.”

हे तापले. आप्पांनी डफ मला दिला, माझ्या हातात दिला, आणि आमच्या मेळात बाई कधी म्होरक्या झाली आहे का, वगैरे वगैरे. तोंडाचा पट्टा सुटला. बैलगाडीचा उल्लेख झाल्याचं त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मी चहाची कपबशी जरा जोरात ठेवली, पण माझ्या कपबशीकडं कोण बघतंय.

संगप्पा तुणतुण्याच्या खुंट्या पिळत बसले होते. ते म्हणाले, रेवणप्पाचा नेम काय होता? ज्याला दोन्ही बाजू मांडता येतील त्याचा डफ. मग तसंच ठरवू. पण गीगी पदं नकोत, ती दोघांना पाठ हायत, पाठांतराचा काय सामना करायचा. तुमचं ज्यावर खरं भांडण हाय त्यावर करा. ते इंग्रजी मेळ. राजव्वा, तू मल्लूच्या हरदेशीच्या बाजूनं बोलायचं. मल्लू, तू तिच्या नागेशीच्या. थोर कोण आणि मागं काय ठेवून गेलं, एवढाच सवाल. माझं तुणतुणं चालू असेपर्यंत जवाब दिला पायजे. तुणतुणं थांबलं की संपलं.

संगप्पांनी आयुष्यात एक इंग्रजी गाणं ऐकलं नव्हतं. मला तर वाटलं, ह्यापेक्षा चांगला पंच मिळणार नाही.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. भाकरीच्या चारी बायका आल्या, शेजारपाजार आला. मधे चादरीची घडी, त्यावर आप्पांचा डफ. त्या आठवड्यात राजाक्काच्या स्पीकरवर फक्त एसी-डीसी वाजत होती आणि आमच्या घरात फक्त पॉइझन. नवरा अंघोळ करताना पॉइझनचं गाणं गुणगुणतोय, हे मी ह्या कानांनी ऐकलं. मी म्हटलं, पावडरचा डबा उघडला वाटतं. तर माझ्यावर वसकन ओरडले.

सुरुवात ह्यांनी केली. आणि काय बोलले हो. मी बघतच राहिले. म्हणाले, चार पोरं लहान गावातली, मोठ्या शहरात गेली तेव्हा त्यांना कुत्रं ओळखत नव्हतं. आपल्या गाण्याचे कागद आपणच छापून रस्त्यात वाटले. सगळ्या शहाण्यांनी नावं ठेवली. लाली लावतात म्हणून हसले. त्यांनी लाली पुसली नाही. ज्यांना दिवसभर राबून रात्री जरा हसायचंय त्यांच्यासाठी गायले, आणि एक दुःखाचं गाणं असं म्हटलं की त्यांना शिव्या देणाऱ्यांना पण ते तोंडपाठ आहे. किती वर्षं टिकले ह्यावरून थोरवी मोजायची नसते. कुणाच्या पडत्या काळात हात धरला, ह्यावरून मोजायची.

ही सगळी वाक्यं राजाक्काची होती. शब्दन्‌शब्द. तीस वर्षं जी ऐकून न ऐकल्यासारखं केलं ती सगळी ह्या माणसानं डोक्यात जपून ठेवली होती. जो चार ओळींचं पद विसरायचा, त्याला बहिणीचं भांडण पाठ होतं. राजाक्काचे डोळे भरले. संगप्पांचं तुणतुणं चालू होतं आणि ती नुसती भावाकडं बघत बसली. मला वाटलं, संपलं. स्वतःच्या तोंडचं स्वतः कसं खोडायचं? आणि ज्या गाण्यानं तिला परातीपुढं बसवलं, त्याला कसं पाडायचं? तुणतुण्याची गत मंदावली तशी मी बसल्या जागी पुढं सरकले. हो, नवऱ्याच्या विरुद्ध मी तिच्या बाजूची होते, लिहून घ्या.

राजाक्कानं पदरानं डोळे पुसले आणि बोलायला लागली. आणि अशी बोलली की अंगावर काटा आला. म्हणाली, हात धरला ते खरं. पण हात धरून कुठं नेलं? जत्रेतला पाळणा पण वर नेतोय आणि परत तिथंच आणून सोडतोय. दहा वर्षांत जे आटलं ते पाणी झऱ्याचं न्हवतं. लाली लावायला हिंमत लागते म्हणालास, पण लालीच्या आड लपता पण येतं. तो चड्डीतला बघ, कशाच्या आड न्हाई. तिनं पॉइझनच्या गिटारीतल्या चुका काढल्या, ज्या तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार. एकेक वीट काढून आपलंच घर पाडत होती. भाकरीवाल्या बायका रडायला लागल्या, त्यांना काही कळत नसताना.

हे म्हणाले, तुझी एसी-डीसी पन्नास वर्षं एकच गाणं म्हणतेय. ती म्हणाली, “मी रोज एकच भाकरी थापतेय. एक तरी नीट यावी लागते, मल्लू.” सगळे हसले, संगप्पा पण.

इथं ह्यांना राग आला. बाजू उलटी असली तरी हरायची सवय नाही. त्यांनी मोठा सवाल टाकला. म्हणाले, ते सगळं ठेव बाजूला, आप्पांनी हे मेळ वाटले ते बाई थोर की बाप्या थोर ह्यावर. माझ्या पॉइझननं निदान बाईचं रूप घेतलं, त्यात कमीपणा मानला नाही. तुझ्या एसी-डीसीत बाई कुठं आहे? दाखव. सगळा बाप्यांचा कारभार. जिथं बाईला जागाच नाही, ते थोर कसे?

बोलले आणि मधेच त्यांचा चेहरा उतरला. मी बायको आहे, मला तो चेहरा कळतो. घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यावर होतो तसा.

राजाक्का शांत होती. म्हणाली, “दोघं भाऊ गिटार घेऊन निघाले तवा मेळाला नाव न्हवतं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं शिवणाच्या मशिनीवर ती अक्षरं बघितली आणि म्हणाली, हे नाव घ्या. धाकट्याला शाळेच्या चड्डीत उभं ऱ्हा, हे पण तिनंच सांगितलं. अशी गोष्ट सांगतात. सगळ्या जगाला ते नाव ठाऊक हाय, ती चड्डी ठाऊक हाय. तिचा फोटू कुठल्या कॅसेटवर हाय, दाखव मला.”

तुणतुणं वाजत होतं.

मग हळू आवाजात म्हणाली, “तुला ठाऊक होतं, मल्लू.”

“होतं,” हे म्हणाले. त्या शिलाँगच्या मुलानं जाताना सांगितलं होतं. इतकी वर्षं ह्यांनी ते तोंडातून काढलं नाही, कारण त्यात बहिणीचा विजय होता. आणि राजाक्कानं ते मागच्या वर्षी मोबाइलवर ऐकलं होतं. तिनंही काढलं नाही, कारण त्यात एसी-डीसीचा मोठेपणा होता. दोघं एका आप्पाची पोरं, दुसरं काय.

संगप्पा जवाबाची वाट बघत होते. जवाब होता. मलासुद्धा सुचला होता, बोळातल्या कुठल्याही पोराला सुचला असता. हे मान वर करून म्हणाले, “नाव देणं येगळं, आक्का. वाजवणं...”

तिथं थांबले. तिच्याकडं बघितलं. मी मनात म्हटलं, बोल की. बोल पुढं, वाजवणं वेगळं आणि मागून सांगणं वेगळं, असं बोल तिच्या तोंडावर, जी चाकाआड बसली होती तिच्या. तुणतुणं मंदावलं, आणखी मंदावलं, आणि संगप्पांनी तारेवर बोट ठेवलं.

हे उठले. चादरीवरचा डफ दोन्ही हातांनी उचलला आणि राजाक्कापुढं गुडघ्यावर बसले. म्हणाले, “आक्का, ह्या वर्षी मी झील धरतो. मागं उभा ऱ्हातो. इसरलीस तर सांगीन.”

“मी इसरत न्हाई,” राजाक्का म्हणाली. आणि डफ घेतला. संगप्पा कानडीत ‘चलो आतु’ म्हणाले, म्हणजे बरं झालं, आणि माझ्याकडं चहा मागितला. त्या दिवशी मी सगळ्यांना साखर दुप्पट घालून दिला.

मैंदर्गीच्या जत्रेत समोर विजापूरकडचा हरदेशी मेळ होता, सगळे कसलेले बाप्ये. आमचा नागेशी. राजाक्का इस्त्रीची इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून पुढं आली तेव्हा गर्दीत कुजबूज झाली, एकदोघं हसले. तिनं डफ गरम करून घेतला होता. पहिली थाप पडली आणि हसणारे गप्प झाले. तो आप्पांचा ठेका नव्हता. मी ओळखला, भाकरी थापायचा तो ठेका, इतकी वर्षं मागच्या बोळातून मी तो ऐकत आले होते. त्या ठेक्यावर तिनं असा सवाल टाकला की समोरचा म्होरक्या डोक्याला हात लावून बसला.

मी पुढच्या रांगेत होते. राजाक्काकडं बघून माझी छाती भरून आली, ते तर आहेच. पण मी बघत होते तिच्या खांद्यामागं. तिथं माझा नवरा पांढरा फेटा बांधून पोरांच्या रांगेत उभा होता, बहिणीची प्रत्येक ओळ उचलत होता, बाई थोर, बाई थोर, गी गी गी, घामानं डबडबलेला, गळा फाडून. इतक्या वर्षांच्या संसारात तो मला एवढा देखणा कधी दिसला नव्हता.